अमेरिकेतून ब्रिटनला शिकायला जाताना: आधी हिशेब, मग अर्ज

न्यू जर्सी, टेक्सस किंवा बे एरियात वाढलेले मूल अकरावीत आले की घरात कॉलेजांच्या याद्या सुरू होतात, आणि अलीकडे त्या याद्यांत सेंट अँड्र्यूज, एडिनबरा, किंग्ज कॉलेज लंडन ही नावेही दिसू लागली आहेत. इंग्लंडमधली पदवी बहुधा ३ वर्षांत पुरी होते, भाषेचा प्रश्न नसतो आणि काही विषयांचा खर्च अमेरिकेतल्या खाजगी विद्यापीठापेक्षा कमी पडतो. ही कारणे खरी आहेत. मात्र अर्ज भरण्याचे काम जितके सोपे आहे तितकेच पैसे उभे करण्याचे काम अवघड आहे, आणि बहुतेक घरे या दोन गोष्टी नेमक्या उलट्या क्रमाने करतात. हा लेख मुख्यतः अमेरिकी नागरिक असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आईवडील एच-वन-बी व्हिसावर असतील किंवा मूल अजून भारतीय पासपोर्टवर असेल, तर नियम कुठे बदलतात तेही ओघात सांगितले आहे.

पहिली पायरी: विषय ठरला आहे का?

अमेरिकेत विद्यार्थी विद्यापीठात प्रवेश घेतो आणि विषय पुढे ठरवतो, तर ब्रिटनमध्ये तो एका विशिष्ट विषयाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतो. इतिहासासाठी अर्ज केला की पहिल्या दिवसापासून इतिहासच शिकायचा असतो. गणित, विज्ञान, लेखन असे सर्वांना सक्तीचे सामान्य विषय तिथे नसतात आणि वर्षभराने मन बदलले तर विषय बदलणे सहज जमत नाही. स्कॉटलंड याला थोडा अपवाद आहे. तिथली पदवी ४ वर्षांची असते आणि पहिली दोन वर्षे मुख्य विषयाबरोबर इतर विषय घेण्याची मुभा बहुतेक अभ्यासक्रमांत मिळते, त्यामुळे अमेरिकी मुलांना ती पद्धत ओळखीची वाटते. पण चौथ्या वर्षाचा खर्चही तिच्याबरोबर येतो. ज्या मुलाला अजून ‘काहीतरी सायन्समधले’ इतपतच ठाऊक आहे, त्याने इंग्लंडची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैद्यकीय आणि कायद्याच्या अभ्यासाबाबत एक सावधगिरी हवी. ब्रिटनमध्ये हे दोन्ही अभ्यासक्रम बारावीनंतर थेट सुरू होतात, आणि त्याचे आकर्षण साहजिक आहे. पण वैद्यकीय शाखेत परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मोजक्या असतात, आणि परत येऊन अमेरिकेत डॉक्टरकी करायची तर इथल्या परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सी (रुग्णालयातले प्रशिक्षण) यांतून जावेच लागते. वकिलीचा परवाना प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देते, म्हणून आपल्या राज्याचा नियम अर्जापूर्वी वाचून घ्यावा.

दुसरी पायरी: कागदावर हिशेब

ब्रिटिश विद्यापीठांत शुल्काचे दोन दर असतात, स्थानिकांसाठी एक आणि परदेशींसाठी दुसरा. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याचे शुल्क २०२५-२६ या वर्षी जास्तीत जास्त ९,५३५ पाउंड होते. परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्काला अशी कमाल मर्यादा नाही. ते अभ्यासक्रमानुसार ठरते आणि प्रयोगशाळेचे विषय व वैद्यकीय शाखा अधिक महाग असतात. केंब्रिजमध्ये विद्यापीठाच्या शुल्काखेरीज कॉलेजचे शुल्कही परदेशी विद्यार्थ्याला वेगळे भरावे लागते. काही मराठी कुटुंबे लंडनमध्ये काही वर्षे काढून अमेरिकेत आलेली असतात आणि मुलाकडे ब्रिटिश पासपोर्टही असतो. अशा घरांचा समज असतो की आपल्याला स्थानिक दर लागेल. तो समज बहुधा चुकीचा ठरतो, कारण स्थानिक दरासाठी पासपोर्टबरोबर अभ्यासक्रमाच्या आधीची ३ वर्षे ब्रिटनमधले वास्तव्यही सर्वसाधारणपणे पाहिले जाते.

आता एक नमुना हिशेब मांडू. लंडनबाहेरचा एखादा अभ्यासक्रम, शुल्क वर्षाला २८,००० पाउंड आणि राहणे-जेवण १२,००० पाउंड असे धरले, तर वर्षाचे ४०,००० पाउंड होतात. सोयीसाठी १ पाउंड म्हणजे १.३० डॉलर मानले, तर वर्षाला ५२,००० आणि तीन वर्षांचे १ लाख ५६ हजार डॉलर. यात व्हिसा, विमानप्रवास आणि दरवर्षी होणारी शुल्कवाढ धरलेली नाही. काही विद्यापीठे प्रवेशाच्या वेळचे शुल्क शेवटपर्यंत कायम ठेवतात, काही दरवर्षी वाढवतात. ही एक ओळ अभ्यासक्रमाच्या पानावर शोधून वाचावी.

या रकमेसमोर अमेरिकेच्या संघीय सरकारचे कर्ज किती उभे राहते? अनेक ब्रिटिश विद्यापीठे संघीय कर्ज योजनेत सहभागी आहेत, पण पेल ग्रँट (परत न करावे लागणारे संघीय अनुदान) परदेशी विद्यापीठातल्या पदवीसाठी मिळत नाही. मिळते ते कर्जच. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि तिसऱ्या वर्षी ७,५०० डॉलर घेता येतात. पालकांच्या नावावरचे पॅरेंट प्लस कर्ज पूर्वी जवळजवळ उरलेल्या सगळ्या खर्चाइतके मिळत असे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी त्यावर प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे तीन वर्षांत विद्यार्थ्याचे १९,५०० आणि पालकांचे ६०,००० मिळून ७९,५०० डॉलर होतात. वरच्या हिशेबातले उरलेले ७६,५०० डॉलर घरातूनच यावे लागतील. शिवाय प्लस कर्जातून सुमारे सव्वाचार टक्के शुल्क आधीच कापले जाते, त्यामुळे २०,००० चे कर्ज घेतले तरी हातात १९,१५० च्या आसपासच पडतात. २०२६ पूर्वीची जुनी मार्गदर्शने वाचून ‘प्लस कर्जात सगळे भागते’ असे धरून चालणाऱ्यांनी हा बदल विशेष लक्षात घ्यावा.

संघीय कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. मूल अमेरिकेत जन्मलेले असून आईवडील एच-वन-बीवर असतील, तर मुलाला त्याच्या नावावरचे कर्ज मिळते, पण पालकांना प्लस कर्ज घेता येत नाही. अशा वेळी विद्यापीठाच्या वित्त कार्यालयाला लेखी विचारावे. पालक प्लससाठी अपात्र असतील, तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कर्जाची मर्यादा पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकी ४,००० आणि पुढे ५,००० डॉलरने वाढवण्याची तरतूद आहे, आणि ती आपोआप लागू होत नाही. एच-फोरवरच्या (एच-वन-बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या) मुलाला यातले काहीच मिळत नाही. त्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: २१ वर्षे पूर्ण झाल्यावर एच-फोर संपतो, म्हणून ब्रिटनमधून पदवी घेऊन अमेरिकेत परतायला त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा लागेल.

घरात ५२९ या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत योजनेत पैसे साठवले असतील तर ते ब्रिटनमध्येही वापरता येतात. अट एवढीच की ते विद्यापीठ संघीय कर्ज योजनेस पात्र असावे. शुल्क आणि राहण्या-जेवणाचा खर्च त्यातून करमुक्त होतो, विमानाचे तिकीट मात्र होत नाही. पैसे काढणे आणि शुल्क भरणे एकाच कॅलेंडर वर्षात बसवावे आणि दोन्हींच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

शिष्यवृत्तीबद्दल फार आशा बाळगू नये. पदवीच्या पातळीवर अमेरिकी मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या बहुधा शुल्कातल्या काही हजार पाउंडांच्या सवलतीपुरत्या असतात. पुण्या-मुंबईतली चुलत भावंडे चेव्हनिंग किंवा कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीचे नाव काढतात तेव्हा हे सांगावे लागते की त्या अमेरिकी नागरिकांसाठी नाहीत, आणि ओसीआय कार्ड असल्याने मूल त्यासाठी भारतीय ठरत नाही.

तिसरी पायरी: पात्रता

अमेरिकेतली हायस्कूलची पदविका एवढ्यावर नावाजलेल्या ब्रिटिश विद्यापीठात प्रवेश मिळत नाही. तिच्याबरोबर एपी (शाळेतच द्यायच्या कॉलेज पातळीच्या, ५ पैकी गुणांच्या) परीक्षा हव्यात, बहुधा ३ ते ५ विषयांत आणि ४ किंवा ५ गुणांच्या. काही ठिकाणी सॅट किंवा अ‍ॅक्टचे गुणही चालतात. एपींची संख्या जितकी महत्त्वाची तितकेच त्यांचे विषय महत्त्वाचे: अभियांत्रिकीसाठी कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी नसेल, तर इतर पाच विषयांतले पूर्ण गुणही उपयोगी पडत नाहीत. म्हणून हा विचार दहावीच्या शेवटी, विषय निवडतानाच करावा लागतो. वैद्यकीय शाखेसाठी यूकॅट, अनेक विद्यापीठांत कायद्यासाठी एलनॅट आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बऱ्याच विषयांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या परीक्षांची नोंदणी अर्जापेक्षा वेगळी असते आणि तिची मुदत बऱ्याचदा आधीच संपते.

चौथी पायरी: यूकासचा अर्ज

पदवीसाठी सगळ्या विद्यापीठांना मिळून एकच अर्ज असतो आणि तो यूकास या केंद्रीय संस्थेमार्फत जातो. काही विद्यापीठे अमेरिकी कॉलेजांचे सामाईक अर्जपत्र, म्हणजे कॉमन अ‍ॅपही स्वीकारतात आणि सेंट अँड्र्यूज त्यांपैकी एक आहे; पण दोनहून अधिक ठिकाणी अर्ज करायचा असेल तर यूकासच सोयीचे. अर्जात जास्तीत जास्त ५ पर्याय देता येतात, वैद्यकीय शाखेचे ४. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. २०२६ च्या प्रवेशासाठी अर्जाचे शुल्क २८.९५ पाउंड होते, म्हणजे अमेरिकेतल्या एकाच कॉलेजच्या अर्जाला अनेकदा मोजावे लागतात त्याहून कमी.

मुदती दोन. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय, दंतवैद्यक व पशुवैद्यक शाखांसाठी १५ ऑक्टोबर. बाकी बहुतेकांसाठी जानेवारीचा मध्य. वेळ ब्रिटनच्या घड्याळाची, संध्याकाळी ६ ची असते, म्हणजे न्यू जर्सीत दुपारचा १ आणि कॅलिफोर्नियात सकाळचे १०. शाळेतून परत आल्यावर पाठवू म्हणणाऱ्याची मुदत तेव्हा टळून गेलेली असते.

अर्जात सर्वांत जास्त चुका होतात त्या शिक्षणाच्या रकान्यात. झालेल्या परीक्षांबरोबर पुढे मे महिन्यात द्यायच्या प्रत्येक एपीची वेगळी नोंद करावी लागते आणि निकालाच्या जागी ‘प्रलंबित’ लिहावे लागते. ही नोंद राहिली, तर निवड करणाऱ्यांना मूल अपात्र दिसते आणि चौकशी न करता नकार येऊ शकतो. शिफारसपत्र एकच असते, आणि त्यात शिक्षकाने किंवा काउन्सेलरने त्या एपींमध्ये अपेक्षित गुण किती ते लिहावे अशी अपेक्षा असते. अमेरिकी शाळांत असे भाकीत करण्याची सवय नसते. तेव्हा बारावी सुरू होताच काउन्सेलरला भेटून हे समजावून सांगावे, आणि जमल्यास यूकासच्या शिक्षकांसाठीच्या सूचनांचे पानच छापून न्यावे.

मग येते स्वनिवेदन. २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न विचारले जातात: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले व ते का उपयोगी आहे. तिन्ही मिळून ४,००० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० चिन्हांचे असावे लागते. पाचही विद्यापीठांना हेच एक निवेदन जाते, त्यामुळे त्यात कोणत्याही विद्यापीठाचे नाव घेऊ नये, आणि पाच पर्यायांत पाच वेगळे विषय ठेवले तर निवेदन कुठेच लागू पडत नाही. आजीने साताऱ्याहून आणलेल्या पाट्यावरवंट्याविषयी लिहिलेला हृद्य निबंध अमेरिकी कॉलेजला आवडेल. ब्रिटिश प्राध्यापकाला मात्र तुम्ही अर्थशास्त्रातले काय वाचले आणि त्यातले काय पटले नाही, ते हवे असते. वादविवाद, पोहणे, गणेशोत्सवातले ढोलपथक यांना तिसऱ्या उत्तरात जागा आहे, पण तीही विषयाशी धागा जुळत असेल तरच.

पाचवी पायरी: ऑफर आणि मधला अवघड काळ

उत्तरे तीन प्रकारची येतात: नकार, बिनशर्त ऑफर आणि सशर्त ऑफर. बारावीत अर्ज करणाऱ्यांना बहुधा सशर्त ऑफर मिळते, उदाहरणार्थ ‘तीन एपींमध्ये ५, ५, ४’. सगळी उत्तरे आली की एक ऑफर पक्की आणि दुसरी, शक्यतो कमी गुणांची, राखीव म्हणून निवडायची असते.

इथेच अमेरिकी घरांची कोंडी होते. अमेरिकेतल्या कॉलेजांना बहुधा १ मेपर्यंत होकार आणि अनामत द्यावी लागते, तर एपींचे निकाल जुलैत लागतात, आणि तोवर ब्रिटनची जागा निश्चित नसते. बरीच कुटुंबे अमेरिकेतल्या एका कॉलेजची अनामत भरून ठेवतात आणि ब्रिटनची जागा पक्की झाली की ती सोडून देतात. त्यात अनामत बुडते, हे गृहीत धरावे. आणि जागा सोडायची ठरताच कॉलेजला त्याच दिवशी कळवावे, कारण प्रतीक्षायादीवर दुसऱ्या कोणाचे तरी मूल असते. हा पेच टाळायचा असेल तर अकरावीच्या मेमध्येच लागणाऱ्या बहुतेक एपी देऊन टाकाव्यात, म्हणजे ऑफर बिनशर्त येण्याची शक्यता वाढते. निकाल लागल्यावर ते कॉलेज बोर्डाकडून (एपी घेणाऱ्या संस्थेकडून) थेट विद्यापीठाला पाठवण्याची व्यवस्था विद्यार्थ्यानेच करावी.

सहावी पायरी: कर्जाची कागदपत्रे

फाफ्साचा, म्हणजे संघीय आर्थिक मदतीचा, अर्ज सर्वसाधारणपणे १ ऑक्टोबरला खुला होतो आणि त्यात ब्रिटिश विद्यापीठाचा संघीय संकेतांक घालता येतो. मात्र एवढ्याने काम संपत नाही. त्यानंतर कर्जाचा करारनामा, कर्जदारासाठीचे ऑनलाइन समुपदेशन आणि विद्यापीठाचा स्वतःचा कर्ज अर्ज अशी तीन कामे उरतात. पॅरेंट प्लससाठी पालकांचा करारनामा आणि पत तपासणी वेगळी. फाफ्सा दरवर्षी नव्याने भरावा लागतो. ज्या अभ्यासक्रमाचा भाग ऑनलाइन आहे तो परदेशी विद्यापीठाच्या बाबतीत कर्जास अपात्र ठरू शकतो, म्हणून वित्त कार्यालयाकडून तुमच्या नेमक्या अभ्यासक्रमाबद्दल खात्री करून घ्यावी.

कर्जाचे पैसे वर्ग सुरू झाल्यावर हप्त्यांनी येतात. खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, पांघरुणे आणि भांडीकुंडी हा सगळा खर्च त्याआधीचा, म्हणून दोनेक हजार पाउंड वेगळे ठेवावेत.

सातवी पायरी: व्हिसा

विद्यापीठाने अट पूर्ण झाल्याची खात्री केली, लागत असल्यास शुल्काची अनामत घेतली, की कॅस नावाचा क्रमांक मिळतो. तो हातात आल्यावर स्टुडंट व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ६ महिने आधीपासून. व्हिसाचे शुल्क २०२५-२६ मध्ये ५२४ पाउंड होते. त्याहून मोठी रक्कम आरोग्य अधिभाराची असते, विद्यार्थ्यासाठी वर्षाला ७७६ पाउंड, आणि ती सगळ्या वर्षांची एकदम भरावी लागते. तीन वर्षांच्या पदवीचा व्हिसा अभ्यासक्रमाच्या पुढे काही महिने चालतो, त्यामुळे साडेतीन वर्षांचे, म्हणजे २,७१६ पाउंड धरावेत. त्याच्या बदल्यात तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर आणि रुग्णालय मिळते. अमेरिकी आरोग्य विम्याचे हप्ते भरणाऱ्या पालकांना हा सौदा स्वस्त वाटेल.

पहिल्या वर्षाचे शुल्क आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च आपल्याकडे आहे, हे दाखवता यावे लागते. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिन्याला १,५२९ आणि बाहेर १,१७१ पाउंड धरला जातो. पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. अमेरिकी पासपोर्टवर अर्ज करणाऱ्याला हे पुरावे सहसा अर्जासोबत जोडावे लागत नाहीत, पण अधिकारी ते मागू शकतो, तेव्हा तयार ठेवावेत. भारतीय पासपोर्टवर अर्ज करणाऱ्याला ही सवलत नाही, मग तो कितीही वर्षे अमेरिकेत राहिलेला असो. शेअर किंवा निवृत्तिनिधी पुरावा म्हणून चालत नाहीत. संघीय कर्जाचे विद्यापीठाने दिलेले पत्र चालते, आणि आधीच भरलेले शुल्क कॅसवर नोंदले गेले की तेवढी रक्कम दाखवावी लागत नाही. म्हणून ५२९ मधून पहिल्या वर्षाचे शुल्क आधीच भरून टाकणे सोयीचे पडते.

या व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. त्या कमाईवर जेवणखाण भागेल, शुल्क भागणार नाही. पदवीनंतर नोकरीसाठी थांबण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या २ वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल.

मास्टर्ससाठी जाणाऱ्यांना थोडे वेगळे

मास्टर्सला बहुधा यूकास नसते. प्रत्येक विद्यापीठाकडे थेट अर्ज करावा लागतो. अभ्यासक्रम बहुतेक १ वर्षाचा असतो आणि तोच त्याचा मोठा फायदा. पण इथेही कर्जाचे चित्र बदलले आहे. ग्रॅड प्लस कर्ज (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्लस कर्ज) १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद आहे, आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरच घेता येतात. वरच्याच दराने ते १५,७७० पाउंडांच्या आसपास होतात, म्हणजे लंडनमधल्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे निम्मे शुल्कही त्यात भागत नाही.

शिष्यवृत्त्या मात्र याच पातळीवर खऱ्या अर्थाने मोठ्या आहेत. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर दरवर्षी अमेरिकेतून ३२ जण ऑक्सफर्डला जातात. मार्शल शिष्यवृत्ती १९५३ साली ब्रिटिश संसदेने सुरू केली. ती केवळ अमेरिकी नागरिकांसाठी आहे, वर्षाला जास्तीत जास्त ५० जणांना मिळते आणि किमान ३.७ जीपीए (सरासरी गुणांक) मागते. केंब्रिजसाठी गेट्स केंब्रिज आहे, तिची अमेरिकेतल्या अर्जदारांची मुदत इतरांपेक्षा आधी, ऑक्टोबरात संपते. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन निधीसाठी वेगळा अर्ज लागत नाही. प्रवेशाचा अर्ज डिसेंबर किंवा जानेवारीच्या मुदतीत गेला की नाव आपोआप विचारात घेतले जाते. ऱ्होड्स आणि मार्शलसाठी आपल्या अमेरिकी कॉलेजची अधिकृत शिफारस लागते, आणि कॉलेजची अंतर्गत मुदत बऱ्याचदा उन्हाळ्याच्या सुट्टीतच येते, म्हणून कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रातच फेलोशिप कार्यालयात जाऊन भेटावे.

ब्रिटनमध्ये खाते उघडल्यावर एक अमेरिकी कर्तव्य विसरू नये. परदेशी खात्यांतली एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाने एफबार (परदेशी खात्यांची सरकारला माहिती देणारा अहवाल) भरावा लागतो. भारतातल्या बँकखात्यांमुळे हा प्रकार बऱ्याच मराठी पालकांना ठाऊक असतो. मुलाला तो पहिल्यांदा भरताना शेजारी बसून दाखवावा, कारण वर्षभराचे शुल्क एकदा त्या खात्यातून गेले तरी ही मर्यादा ओलांडली जाते.